गाबोळीचे दिवस

यंदा सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत हेरिंग मासे आले. मुलीनं फोनवर व्हिडिओ दाखवला. किनाऱ्यालगतचं पाणी दुधासारखं पांढरं झालेलं, वर सीगल पक्ष्यांचा नुसता कल्लोळ, आणि खडकांवर माणसं जाळी घेऊन उभी. "आई, लुक! सो ब्यूटिफुल!" मी म्हटलं, "ते पांढरं काय आहे ठाऊक आहे का? माद्या अंडी टाकतात आणि नर त्यावर ते सोडतात. सगळी खाडी बाळंतीण झाली आहे." "ईऽऽ, आई, स्टॉप!" म्हणून तिनं फोन काढून घेतला. माझी मुलगी जगभर हिंडली आहे, पण मासा तिला चौकोनी लागतो. त्याला डोकं नको, शेपूट नको आणि काटा तर नकोच नको.

इथला पाऊस ऐन थंडीत येतो. त्याला गडगडाट नाही, वाऱ्याचं तांडव नाही, मातीचा वास तर औषधालाही नाही. बिघडलेला नळ गळावा तसा तो फ्रीमाँटच्या टाऊनहाउसांवर आठवडे न् आठवडे गळत राहतो. याच पावसात हेरिंग येतात आणि पाऊस सरता सरता जातात. ऐंशीच्या दशकातला असा एक मोसम माझ्या डोक्यातून जात नाही. पुढचे कितीतरी मोसम आले आणि धुऊन गेले. तो एकच तेवढा खवल्यासारखा चिकटून राहिला आहे.

तेव्हा आम्ही चौघी दर शनिवारी पहाटे उठून सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर घाऊक मासळीबाजारात जायचो. चौघीही मूळच्या कोकणातल्या, चौघींचे नवरे कुठल्या ना कुठल्या कंपनीत इंजिनिअर. इंडियन दुकानात डाळ-तांदूळ मिळायचे, सुपरमार्केटमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मासळीची प्रेतं मिळायची. डोळ्यांत जीव असलेला मासा हवा असेल तर धक्का गाठायला लागे. गाडी उषा चालवायची. आम्हा बाकीच्या तिघींना फ्रीवेची धडकी भरायची, आणि उषा मात्र चहाचा ग्लास मांडीत धरून, गप्पा मारत, ट्रकच्या शेजारून गाडी काढायची. "शैला, डोळे मिटून काय बसलीस? मेलीस तर कळायला तरी नको का?" असं ती मला विचारायची. तेव्हा ती अशीच बोलायची.

धक्क्यावरच्या त्या लांबच लांब शेडमध्ये शिरलं की प्रथम थंडी तळपायातून वर चढायची. मग वास येई, तो घाण नव्हता, खारा आणि ओला होता. पिवळ्या दिव्यांखाली बर्फाचे ढीग, रबरी बुटांची फच फच, लाकडी खोकी ओढल्याचा आवाज. रेस्टॉरंटवाले जपानी शेफ ट्यूनाच्या शेपटीकडचा बारकासा तुकडा बोटांत चुरून बघायचे आणि चेहऱ्यावरची माशीही न हलू देता पुढे जायचे. आमचा व्यापारी हेन्री म्हणून होता, इथेच जन्मलेला म्हातारा जपानी. तो सुटे मासे विकायचा नाही, अख्खं खोकं घ्यायला लागे. आम्ही साड्यांवर जाकिटं आणि पायांत बागेतले बूट अशा अवतारात त्याच्याशी घासाघीस करायचो आणि तो हात जोडून म्हणायचा, "लेडीज, यू विल किल मी."

हेरिंगच्या दिवसांत तिथे थेट जपानहून माणसं आलेली असत. ती काही मासा घ्यायला येत नसत, त्यांना फक्त गाबोळी हवी असायची. आपण माशाच्या पोटातल्या अंड्यांच्या पिशवीला गाबोळी म्हणतो, त्यांच्याकडे नव्या वर्षाच्या ताटात तिचा मान. होड्यांतून रुपेरी ढीग उतरला की पांढऱ्या टोपीतला एक माणूस त्यातले मूठभर मासे उचलायचा आणि अंगठ्याने एकेकाचं पोट फोडायचा. नर निघाला तर पिंपात. मादी निघाली आणि अंडी कोवळी असली तरी पिंपात. पिकलेली, सोनेरी, घट्ट गाबोळी निघाली की ती तो हळूच काढून ट्रेमध्ये ठेवायचा आणि मादी पिंपात टाकायचा. पिंपं कोंबड्यांच्या खाद्याला जायची. त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नसे, लोभही नसे. वाटाणे सोलताना आपला चेहरा असतो तसा त्याचा असायचा. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा तोंड फिरवलं होतं, आणि घरी येऊन मी तीच गाबोळी चवीनं खाल्ली होती.

परत आलं की उषाच्या गॅरेजमध्ये वर्तमानपत्रं पसरून वाटे पडायचे. आपल्याकडे गावात पडतात तसेच. चार ढीग लावायचे, एकीनं पाठ करून उभं राहायचं, दुसरीनं एका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोरीनं मनाला येईल ते नाव घ्यायचं. तक्रारीला जागाच नाही. उषाला खरं तर मासा उचलताच कळायचं की मादी आहे आणि भरलेली आहे. तरीही ती स्वतःसाठी कधी बाजूला काढून ठेवायची नाही. नशिबानं तिच्या वाट्याला गाबोळीवाल्या जास्त आल्या की मात्र गॅरेजमध्ये उड्या मारायची. चांगली पस्तिशीची बाई, सेमीकंडक्टर कंपनीत दहा माणसांच्या टीमची लीडर, आणि गाबोळीसाठी उड्या मारायची.

उषाच्या घरी तिचा नवरा मोहन, दहा वर्षांची मुलगी रश्मी आणि मोहनची आई होती. त्यांना सगळे माई म्हणत. माई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. आमच्याकडच्या मासे खाणाऱ्या काही घरांत तेव्हा रीतच होती की नवरा गेला की बायकोचे मासे सुटायचे. कुंकू जायचं तसे मासेही जायचे. कुंकवाचं एकवेळ ठीक, आरशात बघितल्यावरच आठवणार. मासे तर दिवसातून दोनदा शेजारच्या ताटात येऊन बसायचे. माईंनी एकट्यानं मोहनला वाढवलं, शिकवलं, त्याच्यासाठी रोज मासे रांधले आणि स्वतः जिभेला लावले नाहीत. आणि काय रांधायच्या! तिरफळं घालून केलेलं त्यांचं माशाचं तिखलं मी खाल्लंय. चव न बघता, नुसत्या वासावर त्या मीठ पारखायच्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला मोहन ऑफिसात खुर्चीवरच गेला. हार्ट अटॅक. उषा रडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे बघत बसून राहिली. तेरावं उरकलं. सुतकात मासे बंद असतात, आणि ते संपलं की जवळच्या माणसांना मासे वाढून दुखवटा सोडवतात. त्या दिवशी सॅन होजेपासूनची माणसं उषाच्या घरी जमली होती. कॉड मीच आणून दिला होता, रांधला माईंनी. सगळे मांडी घालून कार्पेटवर बसले आणि माई पातेलं घेऊन वाढायला निघाल्या. माझ्या ताटात तुकडा पडला, माझ्या नवऱ्याच्या ताटात पडला. उषाच्या ताटाशी माई आल्या, क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. मागाहून त्यांनी तिच्या भातावर वरण आणून घातलं.

त्या खोलीत तीन पीएचडी होते, दोन डॉक्टर होते, आणि मंडळाच्या गणपतीत स्त्रीमुक्तीवर परिसंवाद ठेवणारे काकाही होते. सगळ्यांनी ताटात डोकी घातली आणि काटे काढायला लागले. उषानं वरणभात कालवला. माझ्या तोंडातला घास मी गिळला. माई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शैला, अजून एक तुकडा घे गो. चांगला ताजा आणलास."

नंतर फोनवर ज्याला त्याला मत होतं. "तिचा पर्सनल डिसिजन आहे यार, आपण कोण बोलणार?" काय सोयीचा शब्द शोधून काढला होता! मी उषाला सरळ विचारलं, "घर तुझं, पगार तुझा, आणि ही बाई तुझं ताट ठरवणार?" ती म्हणाली, "शैला, मुलगा गेलाय तिचा. माझ्याकडे बघते ना, तेव्हा असं वाटतं की माझं जिवंत असणंच तिला चालत नाहीये. मासे सोडून ते चालणार असेल तर सोडते." मी म्हटलं, "आणि तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला भूक लागते."

जानेवारीत हेरिंग आले. मला वाटलं, उषा आता बाजारात यायची नाही. पण ती आली, गाडीही तिनंच चालवली. फक्त गप्पा नव्हत्या, नुसता वायपरचा आवाज. हेन्रीला बातमी कळली होती. त्यानं टोपी काढली आणि ढिगातली एक टपोरी मादी निवडून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "सॉरी अबाउट युअर हजबंड. धिस वन इज फॉर यू. नो चार्ज." उषानं ती घेतली, थँक यू म्हणाली आणि वळून माझ्या पिशवीत टाकली. हेन्री हसून बघत होता. त्याला वाटलं, मैत्रीण आहे, वाटून खाणार असतील.

गॅरेजमध्ये आल्यावर ती म्हणाली, "माझा वाटा अर्धा करा. रश्मीपुरताच हवा." माई हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या. आम्ही तिचा ढीग निम्मा केला. राहिलेला निम्मा आमच्या तिघींच्या ढिगांत गेला. कोणी नको म्हटलं नाही, मीही नाही. त्यात भरलेल्या माद्याही होत्या.

त्या मोसमात मी उषाकडे वरचेवर जाऊन बसायचे. माईंच्या हातांना संधिवात, म्हणून मासे साफ करायचं काम उषाचं. सिंकपाशी उभी राहून ती खवलं काढायची, पोट चिरायची, गाबोळी न फाटता अलगद बाहेर काढायची. मग माई ती हळद-मीठ लावून वाफवायच्या, रव्यात घोळवून तव्यावर सोडायच्या. त्या वासानं माझ्यासारख्या जेवून आलेल्या बाईच्या तोंडाला पाणी सुटायचं. रश्मीच्या ताटात तुकडा पडायचा आणि माईंची नजर मात्र उषाच्या बोटांवर असायची. उषा ऑफिसातून आली की कोट काढून घ्यायच्या निमित्तानं त्या अगदी जवळ जायच्या आणि तिच्या तोंडाचा वास घ्यायच्या. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. उषा तेवढा वेळ श्वास सोडून उभी राहायची, म्हणजे त्यांना नीट तपासता यावं.

मी एकदा न राहवून म्हटलंच, "माई, तुम्ही इतकं सोसलंत. निदान हिला तरी मोकळं सोडा." माई उलथनं खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. "मी सोसलं ते फुकट होतं का?" त्या म्हणाल्या. "हिनं खाल्लं तर माझं सगळं आयुष्य वेडेपणाचं ठरेल. मला कोणी सोडायला आलं होतं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकतोय म्हणून कोणी सांगावं तशा त्या बोलत होत्या. मला त्या बाईचा भयंकर राग आला. माणसाला दुष्ट व्हायला दुष्टपणा लागतोच असं नाही. आपण सोसलेलं वाया जाऊ नये एवढी इच्छा पुरते.

फेब्रुवारीत माईंचं बिनसायला लागलं. आधी त्या गॅस बंद करायला विसरल्या. मग रश्मीला दुसऱ्याच नावानं हाक मारायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत बारीक बारीक गुठळ्या होताहेत, एखादा दिवस बरा जाईल, एखादा नाही. मग एका सकाळी त्यांनी मोहनचा डबा भरायला घेतला. उषानं दोनतीनदा खरं काय ते सांगून बघितलं. प्रत्येक वेळी त्या नव्यानं छाती पिटायच्या, तेव्हा तिनं सांगणं सोडलं. हळूहळू माई आणखी मागे गेल्या. पाऊस धरला की खिडकीशी उभ्या राहून म्हणायच्या, "हे अजून कसे आले नाहीत?" हे म्हणजे मोहनचे वडील. त्यांच्या लेखी ते जिवंत होते, त्या स्वतः पंचविशीच्या होत्या आणि खिडकीबाहेर फ्रीमाँट नव्हतं.

अशाच एका शनिवारी दुपारी मी तिथे होते. रश्मी मैत्रिणीकडे गेली होती. उषा गाबोळी तळत होती, आता स्वयंपाकही तिच्याकडेच आला होता. माई टेबलाशी येऊन बसल्या, पाण्याचा ग्लास सरकवून ताट पुढ्यात ओढलं आणि म्हणाल्या, "वाढ गो. भूक लागली."

उषानं वरण वाढलं. माईंनी ताटाकडे बघितलं. "आणि गाबोळी?"

तवा चरचरत होता. उषा माझ्याकडे बघायला लागली. मी काहीच खूण केली नाही, करायची तरी कोणती? तिनं गॅस बारीक केला, एक तुकडा उचलला आणि माईंच्या ताटात ठेवला. माईंनी तो लगेच तोंडात घातला. पोळला असणार. डोळे मिटले, मान डोलली, आणि त्या मरगळलेल्या चेहऱ्यावर असं काही हसू फुटलं की मी दुसरीकडे बघितलं. असं कोणाला खाताना उघड्या डोळ्यांनी बघू नये. बोटं चोखून झाल्यावर त्यांनी ताट पुढे केलं. "आणखी दे. नुसती काय बघतेस? तूही घे की."

उषानं स्वतःचं ताट घेतलं आणि समोर बसली. दोघींनी मिळून तवा रिकामा केला. मला हसू येत होतं आणि रडूही. मनात म्हटलं, सुटली बाई, दोघीही सुटल्या. निसर्गाला दया आली. मोसम संपेपर्यंत दर शनिवारी हेच चाललं. उषा पुन्हा अख्खा वाटा घ्यायला लागली. गाडीत पुन्हा गप्पा सुरू झाल्या. माईंच्या गालांवर थोडं मांस चढलं. "बघितलंस?" मी उषाला म्हटलं, "तू किती चांगली आहेस ते. दुसरी असती तर एक कण दिला नसता."

उषा गाडी चालवत होती. "चांगली?" ती म्हणाली. "मी वाट बघतेय शैला. एक दिवस त्या शुद्धीवर येतील ना, त्याची."

मी हसले. तेव्हा मला तो विनोद वाटला.

मार्चमध्ये पाऊस विरळ झाला, हेरिंगही. हेन्री म्हणाला, हे शेवटचं खोकं. त्या दुपारी ऊन पडलं होतं. आम्ही तिघी जेवत होतो. माई तिसरा तुकडा खात असताना मध्येच थांबल्या. त्यांनी आधी स्वतःच्या बोटांकडे बघितलं, मग ताटाच्या कडेला सांडलेल्या गाबोळीच्या कणांकडे. मग वर बघितलं आणि खूप दिवसांनी नावानं हाक मारली, "उषा."

"काय माई?"

"मोहनचं तर अजून वर्षसुद्धा झालं नाही." त्या अगदी नीट बोलत होत्या. "हे ताट कोणाचं?"

एवढंच म्हणायला हवं होतं, रश्मीचं. नाहीतर शैलाचं, चुकून तुमच्यापुढे आलं. मीच म्हणणार होते, पण उषा माझ्याआधी बोलली. "तुमचंच. महिना झाला, दर शनिवारी खाता. मागून घेता."

माईंचा हात ताटातच राहिला. मला वाटलं, आता किंचाळतील, ओकतील, उठून आंघोळीला जातील. यातलं काही झालं नाही. त्या ताटातल्या सोनेरी तुकड्याकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं राखलेलं व्रत गेलं होतं, आणि गेलं कधी हेही त्यांना आठवत नव्हतं. मग अगदी खालच्या आवाजात, लाजल्यासारखं, त्यांनी विचारलं, "मला आवडली का गो?"

मी उषाकडे बघितलं. तिनं माईंचे मिटलेले डोळे बघितले होते, ते हसू बघितलं होतं, चोखलेली बोटं बघितली होती. जगात दोनच माणसांना ते माहीत होतं, आणि ती दोघंही त्या टेबलाशी बसली होती.

"नाही," उषा म्हणाली. "पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलंत. भूक होती म्हणून कसंबसं गिळत होतात."

माईंनी मान हलवली. "अस्सं," म्हणाल्या आणि ताट थोडं पुढे सारलं. उषानं त्यांच्या ताटातला उरलेला तुकडा उचलून आपल्या तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश खाल्ला.